सापाच्या विषाला उतारा

मृगाचा पाऊस झाला की लातूर जिल्ह्यात पेरणीची एकच घाई उडते. औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर, कोणत्याही तालुक्यात जा, रानात माणसेच माणसे दिसतात. सोयाबीन, तूर, मूग, उडीद यांचे बी जमिनीत पडते आणि त्याच दिवसांत जमिनीच्या पोटातली काही मंडळी वर येतात. बिळांत पाणी शिरते, उंदीर बाहेर पडतात, बेडूक ओरडू लागतात आणि त्यांच्या मागावर साप निघतात. माणूस, उंदीर आणि साप हे तिघेही एकाच बांधावर येण्याचे हे दिवस.

अशा दिवसांतल्या एका रात्रीची कल्पना करा. तुमच्याच वयाचा एक मुलगा शेतातल्या घरात जमिनीवर घोंगडी टाकून झोपला आहे. मध्यरात्री त्याच्या दंडाला काहीतरी टोचल्यासारखे होते. डास असेल असे समजून तो कूस बदलतो. पहाटे त्याच्या पोटात दुखू लागते. आई त्याला ओवा आणि मीठ देते. थोड्या वेळाने तो म्हणतो, "आई, मला सगळं दोन-दोन दिसतंय." त्याच्या पापण्या जड होऊन खाली येतात. त्याला आवंढा गिळता येत नाही. अंगावर सूज नाही, रक्त नाही, दाताची धड खूणही नाही. घरात कोणाच्या मनात सापाचा विचारसुद्धा येत नाही.

पण त्याला साप चावला आहे. तो साप आहे मण्यार. हा मुलगा वाचेल का? वाचू शकतो. त्याला वाचवणाऱ्या औषधाचा शोध सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लागला आहे आणि ते औषध आपल्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. तरीही दरवर्षी हजारो माणसे सर्पदंशाने मरतात. असे का होते? याचे उत्तर ते औषध काम कसे करते यात दडलेले आहे. ते आज आपण समजून घेऊ या.

प्रश्न केवढा मोठा आहे?

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतले एक चतुर्थांशाहून अधिक बळी पंधरा वर्षांखालील मुलांचे होते. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झाले. बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि घरीच झाले. हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. दवाखान्यात औषध असूनही माणूस घरीच गेला, याचा अर्थ तो औषधापर्यंत पोहोचलाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. २०२४ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

चार विषारी शेजारी

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या साठेक जाती विषारी आहेत. पण माणसाच्या वस्तीजवळ राहून सर्वांत जास्त बळी घेणारे साप चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नागाला सगळे ओळखतात. तो फणा काढतो आणि बहुधा चावण्याआधी ताकीद देतो. घोणस जाड, आखूड शेपटीची असते. तिच्या पाठीवर साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. फुरसे जेमतेम हात-दीड हात लांब असते, पण चपळ आणि तापट. ते अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढते. मण्यार काळीभोर, चकचकीत असते आणि तिच्या अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे असतात. ती रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेला माणूस कुशीवर वळला आणि ती दबली गेली की चावते. तिचे दात बारीक असल्यामुळे चावल्याचे कळत नाही, हेच तिचे भयंकरपण.

बिनविषारी कवड्या साप पुष्कळसा मण्यारीसारखा दिसतो. कवड्याचे पट्टे मानेपासून स्पष्ट असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट असतात. पण हा फरक पुस्तकात पाहायचा. अंधारात साप हाताळून पाहायचा नाही.

विष करते तरी काय?

सापाचे विष म्हणजे त्याची लाळच, फार बदललेली. ती वरच्या जबड्यातल्या विषग्रंथीत तयार होते आणि पोकळ किंवा खाचेच्या दातांतून भक्ष्याच्या शरीरात जाते. विषात डझनावारी प्रथिने असतात. त्यांतली काही विकरे, म्हणजे एन्झाइमे असतात. प्रत्येकाचे काम ठरलेले.

तुम्ही हात उचलता तेव्हा काय होते? मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो. तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये अगदी सूक्ष्म फट असते. तंतूच्या टोकाला असलेल्या बारीक पिशव्यांतून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन त्या फटीत सुटते, ते स्नायूवरच्या ग्राहींना चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. नागाचे विष त्या ग्राहींवर जाऊन बसते. जागा अडवलेली असल्यामुळे संदेश पोहोचत नाही. मण्यारीचे विष याहून घातक काम करते. ते मज्जातंतूच्या टोकावर हल्ला करते, रसायनाच्या पिशव्या रिकाम्या करते आणि ते टोकच निकामी करून टाकते. दोन्ही प्रकारांत आधी पापण्या, मग घसा आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हृदय चालू असते, मेंदू शाबूत असतो, पण छाती हलत नाही.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर चालते. जखम झाली की रक्त साकळते, हे तुम्ही पाहिलेच आहे. त्यासाठी रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन असते. घोणशीच्या विषातली विकरे रक्त साकळण्याची ही यंत्रणा विनाकारण सुरू करून देतात. सगळ्या शरीरात फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि मग खरी गरज असते तेव्हा रक्त साकळतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून, चावल्याच्या जागेतून रक्त वाहत राहते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही बंद पडतात.

यावरून खेड्यातल्या लहान दवाखान्यातही करता येणारी एक सोपी तपासणी निघाली आहे. रुग्णाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे आणि नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची. नंतर ती तिरकी करायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर ठीक. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष अंगात भिनले आहे असे समजायचे. यंत्र नको, वीज नको, लागते फक्त एक नळी आणि एक घड्याळ.

घोड्याने दिलेला उतारा

१८९० मध्ये जर्मनीत एमिल फॉन बेरिंग आणि जपानचे शिबासाबुरो कितासातो यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. प्राण्याला रोगजंतूंचे विष सोसेल अशा बेताने दिले, तर त्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारे पदार्थ तयार होतात. त्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्याला दिले, तर तोही वाचतो. या पदार्थांना आपण प्रतिपिंडे म्हणतो.

हीच युक्ती सापाच्या विषाला चालेल का? फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत हे १८९१ मध्ये सायगाव येथे, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये काम करत होते. तिथल्या एका खेड्यात पुराच्या पाण्याबरोबर नाग शिरले आणि अनेकांना चावले. काल्मेत यांनी नागाच्या विषावर प्रयोग सुरू केले. १८९४ मध्ये त्यांनी आणि त्याच वेळी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या फिझालिक्स व बेर्त्रां या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी आपले निष्कर्ष पॅरिसमध्ये मांडले. सापाच्या विषावर प्रतिविष तयार करता येते, हे सिद्ध झाले. पुढे ते घोड्यांत तयार होऊ लागले, कारण घोडा मोठा असतो, शांतपणे वागतो आणि भरपूर रक्त देऊ शकतो.

लोक या औषधाला 'सापाची लस' म्हणतात. खरे तर ती लस नव्हे. लस आधी टोचून घ्यायची असते आणि ती आपल्या शरीराला प्रतिपिंडे करायला शिकवते. त्याला दिवस लागतात. साप चावल्यावर तेवढा वेळ कोठून आणणार? म्हणून घोड्याने महिनोन्‌महिने खपून केलेली प्रतिपिंडे आयती दिली जातात.

कुलूप आणि किल्ली

आपले रक्तजल कोणत्याही सापाच्या विषावर चालेल, असे काल्मेत यांना वाटत होते. त्यांचा हा समज खोटा ठरवणारे काम झाले आपल्या मुंबईत. परळ येथे १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली होती. प्लेगची लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन तिचे प्रमुख होते आणि १९२५ पासून ही संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या प्रयोगशाळेत इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉ. जॉर्ज लँब यांनी १९०३ च्या सुमारास नाग आणि घोणस यांच्या विषांचा अभ्यास केला. नागाच्या विषाला मारणारे रक्तजल घोणशीच्या विषापुढे निरुपयोगी ठरते, असे त्यांना आढळले.

याचे कारण सोपे आहे. प्रतिपिंड हा विषाच्या रेणूला घट्ट बसणारा रेणू असतो. किल्ली जशी आपल्याच कुलपात बसते, तसे प्रतिपिंड आपल्याच विषरेणूवर बसते. ते बसले की विषाची कळ बंद होते आणि शरीर त्या जोडीला हळूहळू बाहेर टाकते. दुसऱ्या विषाचा आकार वेगळा, त्याला ही किल्ली लागत नाही.

मग रुग्णाला कोणता साप चावला हे कळलेच नाही तर? त्यावरचा उपाय म्हणजे चारही किल्ल्यांचा एकच जुडगा. घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांची विषे देऊन बहुगुणी प्रतिविष तयार करतात. हाफकिन संस्थेत १९४० च्या दशकात प्रतिविषाचे उत्पादन सुरू झाले. संस्थेतील डॉ. पी. जे. देवरस यांनी भारतातल्या सापांचा अभ्यास करून सामान्य वाचकांसाठी पुस्तकही लिहिले. आजही आपल्या दवाखान्यांत हेच चौघांवरचे प्रतिविष वापरतात. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्याची काहीच गरज नाही. तो मारण्याच्या नादात वेळ जातो आणि दुसऱ्या कोणाला तरी दंश होतो.

कुपीत शिरण्याआधी

या औषधाचा प्रवास चेन्नईजवळ सुरू होतो. तिथे इरुळा नावाची आदिवासी जमात आहे. साप पकडण्यात ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या तरबेज. पूर्वी ती सापांच्या कातड्यांवर पोट भरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदा बंद पडला. पुढे १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या प्रयत्नाने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप पकडतात, पातळ पडदा ताणलेल्या भांड्यावर त्याला चावायला लावून विष काढतात आणि काही दिवसांनी साप पुन्हा रानात सोडून देतात. भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष या एका संस्थेकडून येते.

विष सुकवून प्रतिविषाच्या कारखान्यात पाठवतात. तिथे घोड्याला आधी अगदी कणभर विष टोचतात. पुढे काही महिने मात्रा थोडी थोडी वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे झाली की त्याचे थोडे रक्त काढतात, त्यातला रक्तद्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. नंतर पेप्सिन या विकराने प्रतिपिंडाचा नको असलेला भाग कापून टाकतात. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरात प्रथिने पचवणारे तेच विकर. घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परके असते. काही रुग्णांना त्याने अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब उतरतो. नको असलेला भाग कापल्याने हा धोका कमी होतो, पण पूर्णपणे जात नाही. म्हणून प्रतिविष दवाखान्यातच, ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून द्यावे लागते. शेवटी औषध गोठवून कोरडे करतात. या पुडीला शीतकपाट लागत नाही. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावांसाठी ही मोठीच सोय.

दहा कुप्यांचे गणित

एका कुपीतली पूड १० मिलिलिटर पाण्यात विरघळवतात. या द्रवाचा प्रत्येक मिलिलिटर नागाचे किंवा घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. मण्यारीचे आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम. म्हणजे एक कुपी घोणशीच्या ६ मिलिग्रॅम विषाला पुरते. घोणस एका दंशात सरासरी साठ-त्रेसष्ट मिलिग्रॅम विष सोडते. आता भागाकार करा. उत्तर दहाच्या आसपास येते. विषबाधेची लक्षणे दिसताच डॉक्टर आठ ते दहा कुप्या सलाइनमधून एकदम का देतात, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

आता एक कोडे. ताप आला तर लहान मुलाला मोठ्या माणसापेक्षा कमी औषध देतात. मग साप चावलेल्या दहा वर्षांच्या मुलाला किती कुप्या द्यायच्या? उत्तर आहे, मोठ्या माणसाइतक्याच. साप चावताना माणसाचे वय पाहत नाही. तो तेवढेच विष सोडतो आणि प्रतिविषाची लढाई त्या विषाशी असते. उलट लहान शरीरात तेवढेच विष अधिक दाट होते, म्हणून मुलांना धोका जास्त.

उशीर का चालत नाही?

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. किल्ली कुलपात बसते हे खरे, पण घर आधीच लुटले गेले असेल तर कुलूप लावून काय उपयोग? प्रतिविष रक्तात हिंडणाऱ्या विषाला पकडते. विषाने जे मोडून ठेवले आहे, ते दुरुस्त करणे त्याच्या हातात नाही.

मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोके निकामी केली की ती नव्याने वाढायला कित्येक दिवस लागतात. तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागते. यंत्र मिळाले तर तो पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो. नागाचे विष ग्राहींवर नुसते बसलेले असते, म्हणून तिथे प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन हे औषध उपयोगी पडते. पण चावल्याच्या जागेचे जे मांस नागाच्या विषाने मेले, ते परत येत नाही. घोणशीचे विष थांबवले की आपले यकृत सुमारे सहा तासांत पुरेसे फायब्रिनोजेन तयार करते, म्हणून ती वीस मिनिटांची तपासणी दर सहा तासांनी पुन्हा करतात. पण मूत्रपिंडे बंद पडली, तर डायलिसिसवाचून इलाज राहत नाही.

थोडक्यात, औषध तेच, कुप्या त्याच. तासाभरात दिल्या तर माणूस वाचतो, दहा तासांनी दिल्या तर अपंग होतो किंवा जातो. सर्पदंशाच्या उपचारात वेळ हेही एक औषधच आहे.

मांत्रिकाचे यश कोठून येते?

तुम्ही म्हणाल, आमच्या गावातला मांत्रिक तर साप उतरवतो, त्याच्याकडे नेलेली कितीतरी माणसे बरी झाली. खरी गोष्ट आहे. पण शास्त्राच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा: ती माणसे मंत्राशिवाय मेली असती का?

सापांच्या बहुसंख्य जाती बिनविषारी आहेत. धामण, दिवड, कवड्या चावले तर काहीही न करता माणूस बरा होतो. शिवाय विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. कधी तो कोरडाच दंश करतो. म्हणजे शंभर माणसे मांत्रिकाकडे गेली, तर त्यांतली बरीचशी आपोआपच वाचणार असतात. श्रेय मात्र मंत्राला मिळते. खरे विष भिनलेली माणसे मेली, की "उशिरा आणलं" किंवा "नशीब" म्हणून ती हिशेबातून बाहेर. कडुनिंबाचा पाला कडू लागतो की गोड, हे पाहणे म्हणजेही विषाची तपासणी नव्हे. यात जो तास जातो, तोच तास प्रतिविषाचा असतो.

याबाबतीत आपल्या मराठवाड्याच्या एका सुपुत्राचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावसकर कोकणात महाड येथे डॉक्टर म्हणून गेले. विंचूदंशाने मरणाऱ्या माणसांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाने त्यांचे प्राण वाचतात हे जगाला दाखवून दिले. मण्यार आणि नाग यांच्या दंशावरील उपचारांविषयीचे अनुभवही त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा नसतानाही काळजीपूर्वक पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे यांतून केवढे काम उभे राहते, ते पाहा.

साप चावला तर

या गोष्टी पाठ करा आणि घरच्यांनाही सांगा.

घाबरू नका, घाबरू देऊ नका. रुग्णाला चालवू किंवा पळवू नका. विष बरेचसे त्वचेखालच्या लसीकेतून पसरते आणि स्नायू हलले की ती पुढे ढकलली जाते. हात किंवा पाय मोडल्यावर जशी लाकडी पट्टी बांधतात, तशी सैलसर बांधून तो भाग स्थिर ठेवा. अंगठी, कडे, बांगड्या, पैंजण लगेच काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत.

दोरीने करकचून आवळू नका. त्याने रक्त थांबते, अवयव सडतो आणि दोरी सोडताच साठलेले विष एकदम पुढे जाते. ब्लेडने कापू नका. घोणस चावली असेल तर ते रक्त थांबणार नाही. तोंडाने चोखू नका, बर्फ लावू नका, पाला बांधू नका.

१०८ क्रमांकावर फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात जा. उलटी होत असेल तर रुग्णाला कुशीवर झोपवा. डॉक्टरांना चावल्याची वेळ आणि वाटेत दिसलेली लक्षणे सांगा. पहिल्या कुप्या जवळच्या दवाखान्यात घेऊन मग पुढे जावे. श्वासाचे यंत्र किंवा डायलिसिस लागले, तर लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

चावूच नये म्हणून काय करावे? जमिनीवर झोपू नका. खाट नसेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. मण्यारीला अडवायला एवढी जाळीही पुरते. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. कडब्याच्या गंजीत, सरपणात, दगडांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने आवाज करा. रानात बूट घाला. घराजवळ धान्य सांडू देऊ नका. धान्यावर उंदीर येतात आणि उंदरांवर साप.

आपल्या मातीतले विष

संशोधकांना आज एक प्रश्न सतावतो आहे. किल्ली तामिळनाडूतल्या सापांच्या विषावरून घडवलेली. ती लातूरच्या घोणशीच्या कुलपाला तितकीच घट्ट बसेल का? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी ठिकठिकाणच्या सापांची विषे ताडून पाहत आहेत. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते आणि काही ठिकाणी प्रचलित प्रतिविष कमी पडते, असे त्यांना दिसले. २०२५ मध्ये त्यांनी देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींच्या विषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरड्या हवामानातल्या घोणशींच्या विषात प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा जोर अधिक असल्याचे त्यात आढळले. २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या आपल्या लातूरकरांसाठी ही गोष्ट विचार करण्यासारखी नाही का? त्या-त्या भागातल्या सापांच्या विषापासून तिथले प्रतिविष करावे, असा विचार आता पुढे येत आहे.

दुसरीकडे, घोड्याशिवाय प्रतिविष करण्याचे प्रयत्न चालले आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेतील आणि बंगळूरमधील शास्त्रज्ञांनी नागवर्गीय सापांच्या विषातल्या एका मोठ्या गटाला अडवणारे मानवी प्रतिपिंड प्रयोगशाळेत तयार केले. २०२५ मध्ये संगणकाच्या साहाय्याने रचलेल्या नव्या प्रथिनांनी अशाच विषापासून उंदीर वाचवले. वारेस्प्लाडिब नावाचे, पोटात घेता येईल असे औषधही रुग्णांवर तपासले गेले आहे. घरातल्या घरात पहिली गोळी देऊन दवाखान्याचा रस्ता धरता आला, तर किती जीव वाचतील! पण हे सगळे अजून परीक्षेच्या टप्प्यावर आहे. आज हाती आहे ती घोड्याने दिलेली कुपी आणि ती वेळेत मिळाली तर पुरेशी आहे.

आता त्या मुलाकडे परत या. पहाटे पोटात दुखते आहे, पापण्या उतरल्या आहेत आणि आई ओव्याचा डबा शोधते आहे. समजा, त्या घरात त्याची बहीण आहे आणि तिने हा लेख वाचला आहे. ती काय म्हणेल? "आई, हा रात्री जमिनीवर झोपला होता. ह्याला मण्यार चावली असेल. आपण आत्ताच निघू." खूण दिसेपर्यंत ती थांबणार नाही, कारण मण्यारीची खूण दिसतच नाही हे तिला ठाऊक आहे.

अशी बहीण, असा भाऊ प्रत्येक घरात असायला हवा. तुमच्या घरात तो कोण असेल?